जे आहे ते लिही

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचा स्मरणिकेचा मसुदा, दोन्ही मिळालं. वाचून झाल्या झाल्या लिहायला बसलोय. दोन दिवस जाऊ दिले तर मी गोड लिहीन, आणि या बाबतीत मला गोड लिहायचं नाही.

तू तीन गोष्टी विचारल्यास. आबांच्या पराक्रमाचे दोन-तीन प्रसंग सांगा. त्यांना शोभतील अशी विशेषणं सुचवा. आणि विम्याच्या कामाचं काय करू, कारण घरात सगळे म्हणतात ते दोन ओळींत आटप, माणूस फौजी होता एवढंच लोकांना कळू दे. तर विशेषणं मी सुचवणार नाही. प्रसंग सांगीन, पण ते मसुद्यात बसणारे नसतील. आणि विम्याचं दोन ओळींत आटपायचं नाही. आटपलंस तर स्मरणिकेत माझं नाव घालू नकोस.

जे आहे ते लिही. हे वाक्य माझं नाही, तुझ्या आजोबांचं आहे. कुणाच्याही पडवीत बसून प्रस्तावाचा फॉर्म भरताना ते हेच म्हणायचे, 'जे हाय ते लिवायचं.' समोरचा म्हणायचा, मेजर, वय दोन वर्षांनी कमी टाका, हप्ता कमी बसेल. उत्तर एकच. समोरचा म्हणायचा, ते ऑपरेशनचं कशाला, जुनी गोष्ट झाली. उत्तर तेच. मी आयुर्विमा महामंडळात, म्हणजे एलआयसीत, त्यांचा विकास अधिकारी होतो, एजंट तयार करून त्यांचं काम बघणारा. माझ्या हाताखाली बरेच एजंट तयार झाले, ब्रँच मॅनेजर्स क्लबात गेलेले, झोनल मॅनेजर्स क्लबात गेलेले. भरपूर धंदा आणणाऱ्या एजंटांचे हे मानाचे क्लब. तुझे आबा त्यातल्या कुठल्याच क्लबात फार दिवस टिकले नाहीत. तरी ज्यांच्याबद्दल मी आज रात्री जागून पत्र लिहीन असा एजंट तो एकच.

आधी मसुद्याचं बोलू. पहिल्याच ओळीत 'शूर योद्धे मेजर' असं आहे. आबा हवालदार म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडे कोरेगाव-रहिमतपूर भागात फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणायची रीत आहे, त्यात माया आहे, कुणी कुणाला फसवत नाही. पण हाक मारणं वेगळं आणि छापणं वेगळं. एकदा एजंटांच्या सत्कारात निवेदकानं 'मेजर' म्हणून पुकारलं, तर हे व्यासपीठावर जाऊन हार घ्यायच्या आधी माईकजवळ वाकले आणि म्हणाले, 'हवालदार, साहेब.' मग हार घेतला. आता ते सांगायला नाहीत, तर तुम्ही त्यांना परस्पर बढती देणार? डिस्चार्ज बुक ट्रंकेत असेल. काढ. त्यात जो हुद्दा आहे तो लिही.

दुसरी ओळ, 'अनेक शौर्यपदकांनी सन्मानित'. तू पाठवलेल्या फोटोत मला संग्राम मेडल दिसतंय, पूर्वी स्टार दिसतोय, १९६५ चं रक्षा मेडल, सैन्य सेवा मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल. पोरी, यातलं एकही शौर्यपदक नाही. ही सेवेची पदकं आहेत. त्या त्या वेळी माणूस फौजेत होता, त्या आघाडीवर होता, हे ती सांगतात, आणि तेवढंच सांगतात. ते कमी आहे असं तुला वाटतं का? पूर्वी स्टारचा अर्थ, १९७१ साली हा माणूस पूर्वेच्या आघाडीवर होता. लोकांपुढे मांडायला एवढं पुरे नाही? मेडल हातात घे, कडेवर बोट फिरव. नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं सापडेल. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर धातूची पट्टी असेल तर तिच्यावर प्रदेशाचं नाव असतं, त्यावरून आबांनी कुठल्या मुलखात दिवस काढले ते कळेल. हे कर आणि मग लिही. 'अनेक शौर्यपदकं' लिहायला कुठली ट्रंक उघडावी लागत नाही, म्हणून तर ते लिहिलं जातं.

मराठा लाइट इन्फंट्रीत खरे शौर्यपदकवाले होऊन गेलेत. माणगावकडचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले आणि तिथंच पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीचा काठ, जखमी माणसांना गोळीबारातून उचलून आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. आबा ही दोन नावं उच्चारताना सरळ बसायचे. त्या पंगतीत तुम्ही आबांना ओढून बसवलंत तर सगळ्यात आधी तेच उठून जातील.

आता त्यांचं जे होतं ते सांगतो. चीनच्या लढाईनंतर जोरात भरती झाली तेव्हा ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या सेंटरवर गेले. पुढे जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठ्यात, मॉर्टर, म्हणजे उखळी तोफांच्या, प्लाटूनमध्ये होते. मॉर्टरची नळी एकाकडे, दोपाया दुसऱ्याकडे, आणि खालची जड लोखंडी बेसप्लेट तिसऱ्याकडे. ती तिसऱ्याकडची आबांकडे. डिसेंबर १९७१ मध्ये, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागच्या बाजूला, टांगाईलकडं जाणाऱ्या रस्त्यावर वाट अडवून बसली. १० डिसेंबरच्या रात्री जमालपुरातली पाकिस्तानी फौज त्याच रस्त्यानं फुटून निघायला बघत होती. मराठ्यांनी ती रात्रभर रोखून धरली आणि दुसऱ्या दिवशी जमालपूर पडलं. ढाक्याची शरणागती १६ तारखेची, पण ढाक्याची वाट इथं मोकळी झाली.

मी आबांना विचारलं होतं, त्या रात्री तुम्ही काय केलंत? म्हणाले, प्लेट भिजल्या मातीत दर फैरीला रुतायची, ती मी उपसत होतो. हात सोलले. बाकी काळोख. एवढंच. 'शत्रूवर तुटून पडले' असं मसुद्यात आहे, ते कुणी पाहिलं? तू पाहिलंस? मसुदा लिहिणाऱ्या थोरल्या काकांनी पाहिलं? ज्यांनी पाहिलं असतं ते स्वतः सांगतात की मी प्लेट उपसत होतो. मग प्लेट लिही. वाचणाऱ्याला ती रात्र प्लेटमधूनच दिसेल.

तू लिहितेस, 'आबा लढाईबद्दल बोलायचेच नाहीत, म्हणून माझ्याकडे सामग्री नाही.' बोलायचे, पण ज्यावर आपण विचारत नव्हतो त्यावर. मी एकदा पावसात त्यांच्याबरोबर रहिमतपूरच्या एसटी स्टँडवर अडकलो होतो. दिवसभर फिरून एकच प्रस्ताव झाला होता, आणि त्यातही आबांनी वारसाच्या रकान्यावरून त्या माणसाशी तास घातला होता. माणूस म्हणत होता, वारस म्हणून बापाचं नाव टाका. आबा म्हणत होते, बायकोचं टाक. शेवटी टाकलं. मी वैतागून विचारलं, कुणाचं का नाव असेना, तुमचं काय जातं? तेव्हा त्यांनी सांगितलं.

जमालपुरानंतर पलटणीतल्या एका पोराची पेटी त्यांनी दुसऱ्या एकाच्या साक्षीनं उघडली होती. गेलेल्या जवानाच्या सामानाची यादी करून ते घरी पाठवतात, ते काम यांच्या वाट्याला आलं. दाढीचं सामान, दोन बनियन, पत्रं, आणि कापडात बांधलेल्या काचेच्या हिरव्या बांगड्या. पोराचं सुट्टीत लग्न झालेलं. पण फौजेत लग्न केलं की ते कळवावं लागतं, त्याची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा आदेश, निघते, तेव्हा कुठं बायकोचं नाव किंड्रेड रोलवर चढतं. किंड्रेड रोल म्हणजे नातेवाइकांची नोंद. या पोरानं कळवायचं ठेवलं होतं पुढच्या महिन्यावर. रोलवर फक्त बापाचं नाव. फौजेच्या दृष्टीनं ती मुलगी कुणीच नव्हती. आबा पुढं त्या गावी गेले, तिच्यासाठी सरपंचाचा दाखला, लग्नाचे साक्षीदार, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, हे सगळं त्यांनी रजेत केलं. पेन्शन तिच्या नावावर व्हायला किती काळ गेला ते त्यांनी सांगितलं नाही, 'लई गेला' एवढंच म्हणाले. आणि लक्षात घे, तेव्हा जवानांचा गटविमाही नव्हता. आर्मी ग्रुप इन्शुरन्स सुरू झाला १९७६ साली. १९७१ ला जो गेला त्याच्यामागे पेन्शन आणि बापाची जमीन, असली तर.

तू पत्रात लिहितेस की आबांची दोन आयुष्यं एकमेकांशी जुळत नाहीत, कुठं बंदूक आणि कुठं पावतीपुस्तक, म्हणून लेख दुभंगतो. अगं, जोड इथं आहे! १९७९ ला पेन्शनीत आले आणि पुढच्या वर्षी एजन्सी घेतली, ती कुणी मागं लागलं म्हणून नाही. मी तर त्यांना तेव्हा ओळखतही नव्हतो, तेच ऑफिसात आले. पहिला प्रश्न त्यांनी मला कमिशनचा विचारला नाही, वारसाचा विचारला, की नाव नंतर बदलता येतं का, आणि त्याला काय लागतं. मी म्हटलं, कधीही बदलता येतं, फॉर्म भरून. त्यांनी तो फॉर्म मागून घेतला आणि घरी नेऊन वाचला. असं करणारा एजंट मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही क्वचितच पाहिला.

त्यांची ती लांबट वही तुमच्या घरी असायला हवी. पॉलिसी नंबर, टेबल-टर्म, हप्ता, देय तारीख, वारस. आडवे-उभे रकाने पट्टीनं आखलेले. तुला '१४-२०' असं लिहिलेलं दिसेल, ती तारीख नव्हे. टेबल १४ म्हणजे एंडोमेंट, मुदत संपली की किंवा आधी माणूस गेला तर पैसे देणारी पॉलिसी, मुदत २० वर्षं. '७५-२०' म्हणजे मनी बॅक, मधे मधे काही पैसे परत देणारी. शेवटच्या रकान्यात त्यांनी खुणा केल्यात, ज्यांच्या वारसाचं नाव लग्नानंतर बदलून घेतलं त्यांच्यापुढं लाल टिंब. ती लाल टिंबं मोज आणि लेखात तो आकडा घाल. एकही विशेषण लागणार नाही. वही रद्दीत गेली असली तर मला खरं कळव, मी दुसरीकडून काही मिळतं का बघतो.

आणि आता तो गुळव्याचा प्रसंग, जो मी स्मरणिकेत पाहीनच पाहीन.

गुऱ्हाळावर काम करणारा तो गुळव्या. वय पस्तिशीचं, बायको, दोन पोरं. साधारण १९८५-८६. पंचवीस हजाराचा विमा हवा होता. त्याला आधी टीबी झालेला, औषधाचा कोर्स पूर्ण करून बरा झालेला. दुसरा एक एजंट 'नाही' लिहून फॉर्म द्यायला तयार होता. आबांनी काहिलीशेजारी पोत्यावर बसून फॉर्म भरला आणि क्षयाच्या प्रश्नापुढं 'होय' लिहिलं. नुसतं होय नव्हे. कुठल्या साली, किती महिने औषध, कुठल्या दवाखान्यात, सगळं शाईच्या पेनानं, प्रत्येक अक्षर सुटं. तो माणूस भडकला. म्हणाला, माझा विमा तुम्ही घालवता. मार्च महिना होता. माझ्यावर वर्षाच्या कोट्याचा डोंगर होता, आणि आबांनी तो प्रस्ताव एक्स-रे आणि जादा हप्त्याच्या फेऱ्यात नेऊन अडकवला. मी बोललो त्यांना. मला त्याची लाज वाटत नाही, युनिट चालवणाऱ्या माणसानं मार्चमध्ये घाई करायचीच असते, ते माझं काम होतं. त्यांनी ऐकलं नाही, ते त्यांचं काम होतं. जादा हप्ता बसला, पॉलिसी झाली.

दुसऱ्या वर्षी तो गेला. हृदयविकारानं. दोन वर्षांच्या आतला क्लेम म्हणजे अर्ली क्लेम, चौकशी होणारच. विमा कायद्याचं कलम ४५ तेव्हा दोन वर्षांचं होतं, २०१५ च्या दुरुस्तीपासून तीन वर्षांचं झालंय. त्या मुदतीत फॉर्मात काही दडवलेलं सापडलं तर पैसे नाकारता येतात, मरण कशानं का आलेलं असेना. चौकशी अधिकारी गुऱ्हाळावर आले तेव्हा मी तिथं होतो. त्यांच्या एका हातात दवाखान्याचा जुना केसपेपर, त्यांनी तो शोधून काढलेला, ते त्यांचं कौशल्य. दुसऱ्या हातात आबांनी भरलेल्या फॉर्मची प्रत. साल जुळलं. महिने जुळले. दवाखाना जुळला. त्यांनी केसपेपर घडी करून फायलीत ठेवला आणि आबांना म्हणाले, 'तुम्ही आमचं काम ठेवलंच नाही.' बाईला चेक मिळाला. वारस म्हणून तिचंच नाव होतं, सासऱ्याचं नव्हे.

'नाही' लिहिलं असतं तर काय झालं असतं ते मी वेगळं सांगत नाही. मी तेही क्लेम पाहिलेत. बाई दारात उभी असते आणि ज्यानं फॉर्म भरला तो एजंट गावात नसतो.

म्हणून सांगतोय, जे आहे ते लिही. मसुद्यात तुम्ही आबांच्या फॉर्मवर 'नाही'च्या जागी 'होय' आणि 'होय'च्या जागी 'नाही' लिहिताय.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, बहुतेक तू कुणाचं तरी ऐकून लिहिलंस, की 'एजंट म्हणजे कमिशनसाठी लोकांच्या मागे लागणारा, हे वाचून लोक हसतील'. हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. कमिशन मिळायचं, हो. पहिल्या वर्षी शेकडा २५, दुसऱ्या-तिसऱ्याला साडेसात, पुढं ५. लपवण्यासारखं त्यात काय आहे? तेही छाप. आणि हेही छाप, की कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे एजंटला आपल्या कमिशनातला पैसा गिऱ्हाइकाला सूट म्हणून देता येत नाही, आणि आजूबाजूला पहिला हप्ता सर्रास सोडला जात असताना आबांनी एक रुपयाही सोडला नाही. त्यानं त्यांचा निम्मा धंदा दुसरीकडं गेला. तुझ्या थोरल्या काकांचा राग मला माहीत आहे, तो तिथला आहे. ते तेव्हा कॉलेजात होते, बापाला सांगत होते की सगळे सोडतात, तुम्हीही सोडा, घराचे पत्रे तरी बदलतील. पत्रे आणखी बरीच वर्षं बदलले नाहीत. काकांचा राग खोटा नाही. गळक्या घरात अभ्यास त्यांनी केलाय, मी नाही. तोही लेखात येऊ दे, काकांना विचारून. मला खात्री आहे, सांगतील. त्यांना 'शूर योद्धे' लिहायला सोपं जातंय, कारण शूर योद्ध्यावर रागावता येत नाही.

आजी अजून दर महिन्याला बँकेत जाऊन पासबुक भरून आणते ना? त्यात पेन्शनशिवाय बारीकसारीक रकमा दिसतील. ते वारसा कमिशन. एजंट गेला तरी त्यानं उभ्या केलेल्या पॉलिसींचं नूतनीकरणाचं कमिशन वारसाला मिळत राहतं. तुझ्या पुण्याच्या मेसचे पैसे कुठून आले, हा प्रश्न तू कधी विचारला होतास का? रागावून विचारत नाही. पण विचार.

या विषयावर मी जरा पेटतो, ते तू समजून घे. चौतीस-पस्तीस वर्षं मी हेच काम केलं. लोक लांबून ओळखून रस्ता बदलत, पोरं आतून सांगत 'बाबा घरी नाहीत'. माझ्या स्वतःच्या मुलानं शाळेत बापाचा व्यवसाय 'सरकारी नोकरी' असा लिहिला होता. मी त्याला काही म्हटलं नाही. पण आपलं काम हलकं आहे असं मला एक दिवसही वाटलं नाही, आणि आज हे पत्र लिहिताना तर मुळीच वाटत नाही. १९ जानेवारी १९५६ ला चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, ते महाडजवळच्या नाते गावचे, आपले कोकणातले. २४५ कंपन्या आणि संस्था एकत्र करून १ सप्टेंबरला महामंडळ उभं राहिलं. त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं. पण कायदा करून विमा गावात पोचत नाही. तो सायकलवरून आणि लुनावरून पोचला, पडवीत बसून पोचला, तुझ्या आबांसारख्यांनी पोचवला. हे लिहायला कुणी तयार नाही, कारण त्याला तोफा लागत नाहीत.

सातारकर म्हणून तुला आणखी एक माहीत असावं. त्या २४५ मध्ये आपल्या गावची एक कंपनी होती, वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली साताऱ्यात काढलेली. माझे वडील तिथं कारकून होते आणि राष्ट्रीयीकरणानंतर महामंडळात आले. त्यांनी त्या कंपनीतली माणसं पाहिली होती. टांग्यातून खेड्यात जाऊन विमा सांगणारी, प्लेगच्या आठवणी अंगावर असलेली. आमच्या घरात त्यांची पत्रांची एक पेटी होती. मी बदलीच्या गावी असताना घर विकलं गेलं आणि पेटी रद्दीबरोबर गेली. वडील गेले तेव्हा वर्तमानपत्रात आलं, 'मनमिळाऊ, परोपकारी व मृदुभाषी स्वभावाचे'. त्याच दिवशी त्याच पानावर आणखी चार जण मनमिळाऊ, परोपकारी व मृदुभाषी होते. माझ्या नातवाला आज पणजोबांबद्दल विचारशील तर तो हे तीन शब्द सांगेल. वडील मृदुभाषी नव्हतेच! कडक बोलायचे, आणि आकडेमोडीत चूक काढायची तर लाल पेन्सिल दाताखाली धरून बसायचे. ती पेन्सिल मला आठवते, बाकी काय करत होते ते आता कुणालाच सांगता येणार नाही. हे दुःख जात नाही, पोरी. तुझ्या हातात अजून वही आहे, ट्रंक आहे, आजी आहे.

तेव्हा आता काय करायचं ते ऐक. मसुदा बाजूला ठेव, फाडू नकोस, काकांनी मनापासून लिहिलाय. आजीजवळ दोन दुपारी बस. पराक्रम विचारू नकोस. सुट्टीवर आले की पहिल्या दिवशी काय खायचे ते विचार. मनीऑर्डर किती यायची, कुणाच्या हातात पडायची, तिच्या की सासूच्या, ते विचार. आणि ते रात्री उशिरा लुनावरून यायचे तेव्हा तिला काय वाटायचं ते विचार. ती तक्रार करील. तक्रार लिहून घे, सगळ्यात आधी तीच लिहून घे. नवरा आधी सतरा वर्षं फौजेत आणि मग दिवसभर लोकांच्या पडवीत, त्या बाईचं म्हणणं आलं नाही तर तो लेख आबांचाही होणार नाही.

मग गुऱ्हाळाच्या त्या बाईकडं जा. आता म्हातारी आहे, मुलगा ट्रक चालवतो. जाण्याआधी मला फोन कर, मी बरोबर येईन. तिचं नाव छापायचं की नाही हे तिला विचार, आणि ती नको म्हणाली तर तिथं वाद घालू नकोस.

आबांचा हट्टीपणा लपवू नकोस. ते माणसाला पडवीतच दुखवून उठायचे. एका सोयऱ्याचा प्रस्ताव त्यांनी दारूचा प्रश्न खोटा भरायला नकार देऊन परत केला, तेव्हापासून त्या घरातल्या लग्नाचं आवतण तुम्हाला आलं नाही. 'सर्वांशी स्नेहाचे संबंध' हे मसुद्यातलं वाक्य त्या सोयऱ्यांनी वाचलं तर काय म्हणतील? नव्हते सर्वांशी स्नेहाचे संबंध. जे होते ते लिही.

तुला भीती वाटतेय की असं लिहिलं तर आबा लहान दिसतील. तुझं वय आहे, वाटणार. पण तू आबांच्या मांडीवर बसून त्यांच्या वहीत रकाने आखलेली पोरगी आहेस, मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि रकाना वाकडा गेला की ते पान फाडू देत नव्हते, वाकड्याशेजारी सरळ आखायला लावत होते. तुला माहीत आहे काय करायचं ते. तू मला विचारायला नको होतंस, असंही माझं मन म्हणतंय. पण विचारलंस ते बरं केलंस.

शेवटचं, कामाचं. आबांच्या सेवेचा तपशील, कुठल्या साली कुठं होते तो, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडं मागता येईल. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अर्ज कसा करायचा ते समजावून देतात, सकाळी जा, गर्दी कमी असते. सोबत डिस्चार्ज बुकाची आणि पेन्शनच्या पीपीओची, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाची, झेरॉक्स लागेल, त्यांचा नंबर मेडलच्या कडेवर आहेच. आणि अर्जावर सही आजीची घे, तुझी किंवा काकांची नको. किंड्रेड रोलवर तिचं नाव आहे. आबांनी ते लग्न झाल्या झाल्या चढवून घेतलं होतं.

तुझा,
काका